माहिती चौकट : डॉ. कोटणीस, सोलापूर ते वुताई पर्वत

पथक : चिनी सेनापती चू ते यांच्या विनंतीवरून राष्ट्रीय सभेने १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीस धाडलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक. प्रमुख डॉ. अटल, सभासद डॉ. चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी. पैकी चोळकर वर्ध्याच्या शेजारच्या नागपूरचे.

कोटणीस : जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. वैद्यकीय शिक्षण मुंबईस, जी. एस. मेडिकल कॉलेजात. प्रस्थानसमयी वय सत्तावीस.

प्रवास : सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून जलमार्गे निघालेले हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले, तेथून पुढे, जपानी फौजांच्या पिछाडीस वसलेल्या, रस्ते व औषधे या दोहोंचीही वानवा असलेल्या वुताई पर्वतराजीच्या सरहद्दी मुलखात, जेथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने निवर्तले होते, कोटणीस रुजू झाले.

हुद्दा : जानेवारी १९४१ पासून बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह.

१९४२ : ऑगस्टमध्ये कोटणीसांना पुत्र झाला, ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी, हपेई प्रांतात, बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. (मृत्यू रणांगणावरील नव्हे, हे ध्यानी घ्यावे.)

स्मृती : समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ चा.