तरंगता धक्का जोडताना आधी कान बघा

पिंजऱ्यातल्या जिताड्याला खाद्य टाकायला आपण ज्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर उभे राहतो, तो धक्का सहसा ठोकळा फुटून जात नाही, सांध्यातून सुटतो. नवीन जोडणार असाल तर हे वाचाच.

ठोकळ्याच्या चार कोपऱ्यांना चार कान असतात, चारही वेगवेगळ्या उंचीवर. म्हणून सगळे ठोकळे एकाच दिशेने मांडा. मग चार ठोकळे मिळतात तिथे चार कान एकावर एक बसतात, भोकं एका रेषेत येतात. वरून पिन घालून चावीने फिरवली की लॉक. एक जरी ठोकळा उलटा फिरला तर कानावर कान आपटतो. हातोड्याने ठोकून बसवू नका, कान चिरतो.

कडेला दोनच कान येतात, कोपऱ्यात एकच. उरलेल्या जागेत वायसर भरून बोल्ट घट्ट करा. वायसर वाचवून तार गुंडाळणं म्हणजे स्वतःला फसवणं. खाऱ्या पाण्यात तार गंजते, आणि सैल सांध्याचं भोक प्रत्येक लाटेला मोठं होतं.

पट्ट्या किनाऱ्यावर जोडून घ्या. पाण्यातलं जोडकाम भांगाच्या दिवसांत, पाणी थांबलेलं असताना, लाइफ जॅकेट घालूनच. ठोकळ्यांच्या फटीत बोटं नकोत. गोराई-मनोरीकडे उधाणाला पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं, तेवढा नांगराचा दोर ढिला हवा. तो एकाच कानाला बांधू नका, ओढ तीन-चार ठोकळ्यांवर वाटून द्या.

जुना धक्का असेल तर कडेचे बोल्ट या आठवड्यात हाताने फिरवून बघा. फिरले तर फोटो याच नंबरवर टाका, काय बदलायचं ते सांगते.