टायरमध्ये ‘बत्तीस’ म्हणजे बत्तीस नेमकं काय?

आजचा भाग कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा इथे वाचणाऱ्यांना जरा सोपा जाईल, कारण आकडे बरेच आहेत.

पंक्चरच्या दुकानात आपण म्हणतो, "बत्तीस मारा." बत्तीस काय, हे आपण सांगत नाही आणि तोही विचारत नाही. ते असतात बत्तीस पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर बत्तीस पौंडांचं वजन. हवेचा काटा नीट बघा. बऱ्याच काट्यांवर आकड्यांची दुसरीही रांग असते, आणि तिथे बत्तीससमोर सव्वादोन येतं. ते आहे किलो प्रति चौरस सेंटीमीटर. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर कदाचित २२० किलोपास्कल किंवा २.२ बार लिहिलेलं असेल. हवा तेवढीच आहे, बोलायची भाषा वेगळी.

किलोची भाषा डोळ्यांसमोर पटकन येते. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर एक किलोचं वजन ठेवलं की झाला एक किलोचा दाब. पण यात एक गोची आहे. किलो हे वस्तुमान, आणि ते दाबतं कशामुळे? तर पृथ्वी ओढते म्हणून. ही ओढ सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्तापेक्षा ध्रुवांवर ती साधारण अर्धा टक्का जास्त भरते. चंद्रावर तर तोच किलो एक षष्ठांश जोराने दाबेल! म्हणून १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत गुरुत्वाचा एक प्रमाण आकडा ठरवला गेला: ९.८०६६५. एक किलोचं वजन म्हणजे तेवढे न्यूटन.

पास्कलमध्ये ही भानगडच नाही. एक चौरस मीटरवर एक न्यूटन, बस. पण तो इतका चिमुकला आहे की व्यवहारात एक लाख पास्कलचा बार वापरतात. आता हिशोब: एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटीमीटर, म्हणून एक किलोचा दाब म्हणजे ९८,०६६.५ पास्कल, म्हणजे ०.९८ बार. फरक फक्त दोन टक्क्यांचा. पीएसआय हवे असतील तर किलोला १४.२ ने गुणा, बारला १४.५ ने. टायरसाठी किलो आणि बार एकच धरलेत तरी काही बिघडत नाही. दुकानातल्या काट्याला तेवढा बारकावा कुठला कळायला!

बिघडतं ते गिझरवर. त्याच्या लेबलवर ०.८ मेगापास्कल असं काहीतरी असतं. ते वाचून "०.८ म्हणजे पाऊण किलो" असं वाटलं, तर दहापटीची चूक झाली. एक मेगापास्कल म्हणजे १० बार, तेव्हा हा गिझर ८ बारचा, किलोत साधारण ८.१६.

मग आपल्या बिल्डिंगमध्ये किती दाब येतो? इथे मला जुनं गुरुत्वाचं एकक मनापासून आवडतं. एक चौरस सेंटीमीटरची नळी घ्या आणि दहा मीटर उंच पाण्याने भरा. पाणी झालं १००० घन सेंटीमीटर, म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो दाब, कॅल्क्युलेटर नको! मजल्याला तीन मीटर धरा. गच्चीवरची टाकी तुमच्या नळाच्या २० मजले वर असेल तर ६० मीटर, म्हणजे ६ किलो. ३० मजले असेल तर ९ किलो, आणि तो ८ बारच्या गिझरला झेपणारा नाही. म्हणूनच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "तो व्हॉल्व्ह काढा, पाणी जोरात येईल" असं कुणी म्हणालं, तर हा गुणाकार तिथेच करून दाखवा. उलट टाकीच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये तीन मीटर पाणी, म्हणजे जेमतेम ०.३ किलो. तिथे महागडा शॉवर बसवून काय होणार?

अजून एक गोष्ट पाहायला हवी: मोजणी कुठून सुरू केली? टायर सपाट झाला की काटा शून्य दाखवतो, पण आत बाहेरच्या हवेइतका दाब असतोच, समुद्रसपाटीला सुमारे १.०३ किलो. काटा फक्त त्याच्या वरचा दाब सांगतो.

कुकरची शिटीही तशीच. समजा, शिटीखालचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं आहे. त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटीमीटर, म्हणून त्यावर साधारण ७० ग्रॅमचं वजन ठेवलं की ते एक किलोच्या दाबाला उचललं जाईल. बाहेरच्या हवेचा एक आणि शिटीचा एक, असे आत झाले दोन किलो, आणि पाणी उकळतं सुमारे १२० अंशांना. हाच कुकर लेहला न्या. शिटीचं वजन तेच, पण बाहेरची हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच. आतला एकूण दाब घसरतो, तापमान सहाएक अंशांनी कमी राहतं, आणि राजमा शिजायला इथल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.