तोरण, पानांचे
तोरण, पानांचे : मंगलप्रसंगी दारावर बांधावयाची पानांची माळ. स्थापत्यात कमानवजा प्रवेशद्वारासही तोरण म्हणतात (उदा., सांची येथील दगडी तोरणे), येथे केवळ पानांच्या तोरणाचा व त्याच्या बरोबरीने सणासुदीला लागणाऱ्या रानपाल्याचा विचार केला आहे. जपानी इकेबानात फांदीला फुलाइतकाच मान असतो. महाराष्ट्रात पानाला तो पुष्कळदा फुलाहूनही अधिक आहे.

तोरणात आंब्याचे पान मुख्य. जून पान जाड, चिवट व मेणचट थराचे असल्यामुळे त्यातील पाणी सावकाश उडते आणि सुकल्यावरही ते आकार टिकवून धरते. कोवळे तांबूस पान मात्र लवकर मान टाकते. पाने देठाकडून सुतळीत ओवून मधूनमधून झेंडूची फुले घालतात. झेंडू मूळचा मेक्सिकोकडील, तेव्हा ही जोडी वाटते तितकी प्राचीन नव्हे. बाजारात ‘अशोक’ म्हणून मिळणारी लांब, लहरी कडांची साधी पाने पॉलिअल्थिया लाँगिफोलिया या वृक्षाची असतात. सीतेच्या अशोकाचे (सराका अशोका) पान संयुक्त असते. गुढीला आंब्याचा डहाळा व कडुनिंबाची डहाळी बांधतात. लग्नकार्यात देवकासाठी पंचपल्लव लागतात. गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत देवदार आहे. तो हिमालयातील वृक्ष असल्याने कोकणात त्याच्या जागी दुसरे पान येणे ओघानेच आले.

कल्याण–कर्जत लोहमार्गावर विठ्ठलवाडी हे कल्याणनंतरचे पहिले स्थानक. तेथून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी नगरवस्ती जवळजवळ सलग झाली असली, तरी मलंगगडाचा डोंगर व उल्हास नदीच्या खोऱ्यातील रान फार दूर नाही. या भागातील ठाकूर व कातकरी स्त्रिया असा पाला खुडून, जुड्या बांधून सणाच्या सुमारास शहरांच्या बाजारात आणतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वनातून आणलेली पाने हे वनोत्पन्न ठरते. वनवासींचा गौण वनोपजावरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला.

सर्वांत अधिक झळ बसते ती आपट्याला (सं. अश्मंतक, बौहीनिया रॅसिमोजा). दसऱ्याला ‘सोने’ म्हणून त्याची पाने वाटतात व त्यासाठी पाने न खुडता फांद्याच ओरबाडल्या जातात. पावसाळा संपताना भरलेल्या पानांच्या बळावरच झाड पुढील कोरड्या दिवसांसाठी अन्न साठवीत असते. नेमक्या त्या वेळी ते बोडके होते. मोडलेल्या फांदीची चिरफाळलेली साल लवकर भरून येत नाही. धारदार कोयत्याने डोळ्याच्या वर छाटलेली फांदी पुन्हा फुटते. मागणी पुरी न पडल्याने कांचनाची पानेही आपटा म्हणून विकली जातात. दोन्ही पाने दुभंगलेली. परंतु आपट्याचे पान लहान, जाडसर व लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, तर कांचनाचे मोठे व पातळ असते.