मूर्ती लहान, वीज थोडी

किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांपैकी अनेकांना जामसांवली हे नाव अपरिचित असेल. नागपूर-छिंदवाडा मार्गावर, मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात हे मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. येथील मूर्ती उभी नसून पहुडलेली आहे. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याची भाषा हिंदी असली तरी या भागातील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. अशा तीर्थक्षेत्री छायाप्रती काढून देण्याचे वा अर्ज भरून देण्याचे दुकान थाटू पाहणाऱ्याच्या वाट्याला जागा येते ती चार हातांची. म्हापशाच्या वा मालवणच्या बाजारातील गाळेवाल्याचीही तीच गत. तेव्हा अशा जागेत संगणक कोणता घ्यावा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्यात लहान माणसाची वर्षाची शिल्लक गुंतलेली असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला एक दालन लागे. आज वीतभर लांबी-रुंदीचा आणि चार बोटे उंचीचा डबा त्याहून कितीतरी अधिक काम करतो. पडद्याच्या पाठीमागील चार छिद्रांत पट्टी बसवून तो तेथेच अडकवता येतो, म्हणजे मेजावरची जागा मोकळी राहते. तरीही टेबलाखाली भलामोठा खोका असल्याखेरीज संगणक ‘दमदार’ नाही, ही समजूत आपल्या समाजातून अद्याप गेलेली नाही.

या दिमाखाचे मोल किती, ते हिशेबाने पाहू. जुन्या धाटणीचा उभा खोका पत्रे लिहिणे, बिले करणे अशा सामान्य कामात साधारण ८० वॉट वीज घेतो असे धरू. काटकसरी लहान यंत्र १५ वॉटमध्ये तेच काम करते. पडद्याची वीज दोहोंना सारखीच. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर फरक १५६ युनिटांचा होतो. आठ रुपये दराने ही रक्कम सुमारे साडेबाराशे रुपये भरते. ती फार मोठी नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. केवळ तेवढ्यासाठी चालते यंत्र मोडीत काढणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु लाभ बिलापुरताच नाही. संगणकात शिरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते, आणि चार हातांच्या गाळ्यात ती बसणाऱ्यालाच सोसावी लागते. शिवाय वीज गेल्यावर तीच बॅटरी लहान यंत्राला दुपटीहून अधिक वेळ पुरते. अर्धा भरलेला अर्ज वाया जात नाही, हे दुकानदाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे.

हवामानाचाही विचार हवा. आपल्याकडील खारी, दमट हवा पंख्यावाटे आत ओढली गेली की धातूचे भाग गंजतात. म्हणून किनाऱ्यावर पंखा नसलेले बंदिस्त यंत्र बरे. जामसांवलीच्या बाजूस मात्र विदर्भासारखा कडक उन्हाळा. तेथे बिनपंख्याचे यंत्र तापून मंदावण्याचा संभव असतो. संथ पंख्याचे यंत्र घेऊन धूळ वेळोवेळी झाडणे, हाच तेथे सोयीचा मार्ग.

लहान यंत्राची खोडही सांगितली पाहिजे. काहींतील स्मृती मुख्य फलकावर कायमची डाखलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी झाकण उघडते का, स्मृती आणि एसएसडी बदलता येते का, अडॅप्टर बाजारात मिळतो का आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते का, हे विचारावे. आठ गिगाबाइट स्मृती किमान, सोळा असल्यास उत्तम. छपाईयंत्र व अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र जोडण्यास पुरेशी छिद्रे आहेत ना, तेही पाहावे. अडॅप्टरवर छापलेला ६५ वॉटचा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोजचा खप नव्हे. खरा खप प्लगात बसणाऱ्या लहान मीटरने मोजता येतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुन्या यंत्रांवर पुढील आवृत्ती चढत नाही. त्यामुळे नवी खरेदी करण्याचा आग्रह विक्रेते धरतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, जुन्या यंत्रात एसएसडी घालून त्यावर मोफत लिनक्स चालवून आधी पाहावे. आपली कामे त्यावर होत असतील तर खर्च वाचला. नाहीच भागले, तर मात्र नवे यंत्र लहानच घ्यावे.

लंकेत शिरताना मारुतीने सूक्ष्म रूप धारण केले. त्याने त्याचे बळ उणे झाले नाही. कामापुरते रूप घेणे यातच त्याची बुद्धी होती. मारुतीच्या दारात दुकान मांडणाऱ्याने आणि आपल्या बाजारातील गाळेवाल्यानेही संगणक घेताना तेवढे ध्यानी ठेवले, तरी पुरे.