थंडी न पडणाऱ्या गावात रोमेन

थंड देशांतले बागायतदार रोमेन लेट्यूसला कडाक्याच्या थंडीपासून जपतात. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत ती भीती नाही. इथे गाठ असते उष्म्याशी. बी न उगवणे, अवेळी दांडा फुटणे, पाने कडू होणे, कोवळ्या पानांच्या कडा करपणे, या सगळ्या तक्रारींमागे बहुतेक वेळा उष्माच असतो.

सुरुवात बियापासून. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातल्या या भाजीचे बी १५ ते २० अंश सेल्सिअसला छान रुजते. माती तिशीच्या वर तापली, की बहुतेक वाणांचे बी रुजतच नाही. ते मेलेले नसते, थांबलेले असते. या भाजीच्या मूळ मुलखात, भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यात, उगवलेले रोप टिकले नसते, म्हणून ही सावधगिरी. आपण त्याला गारवा दाखवायचा: ओलसर फडक्यात बी गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवावे आणि संध्याकाळी ट्रेमध्ये पेरावे. वर मातीची नुसती भुरभुर पुरे, कारण या बियाला उजेड लागतो. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्याच बियांवर दाखवून दिले, की लाल प्रकाशाने बी जागे होते आणि अतिलाल प्रकाशाने पुन्हा निजते. वनस्पतींतल्या फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्याचा शोध त्यातूनच पुढे लागला.

पेरणीसाठी ऑक्टोबरचा उकाडा ओसरू द्यावा. किनारपट्टीवर नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत, पुणे-नाशिककडे त्याआधीपासून, दर पंधरवड्याला थोडे थोडे बी टाकावे. चार-पाच पाने आली, की ऊन उतरल्यावर रोपे २५ ते ३० सेंटिमीटर अंतराने लावावीत. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळावे. दुपारी शेडनेटची सावली हवी. मुळे उथळ असतात, त्यामुळे वरची माती गार आणि ओली राहणे महत्त्वाचे. उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरावा. गच्चीवरचा कोबा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, तेव्हा कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात.

पाने गुंडाळू लागली, की आतल्या पानांच्या कडा कधी तपकिरी पडतात. तिथे कॅल्शियम पोहोचलेले नसते. ते पाण्याबरोबर वर चढते, आणि मिटलेल्या आतल्या पानांतून बाष्पीभवन फारच कमी होते. म्हणून केवळ चुना किंवा अंड्याची टरफले टाकून भागत नाही. पाणी नियमित द्यावे, हवा खेळती ठेवावी आणि नत्राचा मारा टाळावा.

पेरणीपासून साधारण ६५ ते ७५ दिवसांत गड्डा भरतो. किनाऱ्यावर तेवढी वाट न पाहता बाहेरची पाने आधीपासून खुडत राहावे. खुडणी भल्या पहाटे करावी. तेव्हा पाने पाण्याने ताठ असतात. दिवस लांबून तापू लागले, की मधला दांडा उंचावतो. पान तोडताच पांढरा चीक वाहतो आणि त्यातल्या लॅक्ट्युसिनसारख्या द्रव्यांनी चव कडवट होते. असे रोप पुन्हा गोड होत नाही. ते काढून टाकावे.

मात्र सगळ्यांत उशिरा दांडा टाकणारे एक रोप राखावे. लेट्यूस स्वपरागित असल्याने वाण बहुधा शुद्ध राहतो. पिवळी फुले सुकून पांढरा कापूस दिसू लागला, की बी झाडून कोरड्या डबीत, गार जागी ठेवावे. आपल्या उष्म्यात जे जास्त टिकले, त्याचेच बी पुढच्या हिवाळ्यात पेरावे.