आल्समेरचा लायलॅक : वर्षाआड फुलणारी फिरती बाग

फुलदाणीसाठी पिकवल्या जाणाऱ्या लांब दांड्याच्या फुलांचे लागवडीच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. ॲस्टरसारख्या हंगामी पिकाचे आयुष्यच काही महिन्यांचे असल्याने त्यापासून निघेल तेवढे काढून घेऊन वाफा मोकळा करणे हा त्याचा साधा हिशेब असतो. बहुवर्षायू आणि काष्ठमय झाडांच्या बाबतीत मात्र कापलेली प्रत्येक फांदी झाडाच्या पुढील वर्षाच्या उत्पन्नातून वजा होते. म्हणूनच पिओनीच्या नव्या लागवडीतून पहिली दोन-तीन वर्षे फुले तोडली जात नाहीत, आणि पुढेही दांडा कापताना जमिनीलगतची काही पाने झाडाला अन्न तयार करण्यासाठी राखली जातात. रंगीत सालीच्या फांद्यांसाठी जोपासलेले विलो किंवा डॉगवुड याला अपवाद आहे, कारण ते बुंध्यापर्यंत छाटले की अधिक जोमाने फुटते आणि त्याच्या कोवळ्या फुटीलाच बाजारात किंमत असते. मागील उन्हाळ्यात वाढलेल्या फांदीवर फुलणाऱ्या झुडपांचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. फूल घ्यायचे तर ती फांदीच घ्यावी लागते. नेदरलँड्समधील आल्समेर या गावाने हा प्रश्न लायलॅकपुरता ज्या पद्धतीने सोडवला, तिला बागाइतीच्या इतिहासात फारशी जोड सापडत नाही.

आल्समेर हे अॅम्स्टरडॅमच्या नैर्ऋत्येस, स्किपोल विमानतळाच्या शेजारी वसलेले गाव आहे. त्याच्या लगतची वेस्टआइंडर ही जलाशयमाला मानवनिर्मित म्हणावी लागते, कारण अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांपासून बनलेली पीट नावाची माती येथील लोकांनी शतकानुशतके जळणासाठी उपसून नेली आणि उपशाच्या जागी पाणी भरत गेले. मध्ये उरलेल्या लांबट, अरुंद पट्ट्यांची बेटे झाली आणि या बेटांवर शेती सुरू झाली. रस्ता नसल्याने खत, रोपे, अवजारे आणि माल यांची सगळी ने-आण सपाट तळाच्या नावांतून होई. तळ्यातील व चरांतील गाळ उपसून बेटांवर पसरण्याची जुनी प्रथा दुहेरी कामाची होती. तिच्यामुळे पिकाला खत मिळे आणि सतत खचणाऱ्या जमिनीची उंचीही टिके. लायलॅकच्या आधी हे गाव शोभेच्या आकारात कातरलेल्या झुडपांसाठी आणि पुढे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध होते. गावाच्या ध्वजावरील लाल, हिरवा आणि काळा हे रंग अनुक्रमे स्ट्रॉबेरी, हिरवाई आणि माती यांचे मानले जातात.

लायलॅक मूळचा बाल्कन प्रदेशातील डोंगराळ भागाचा. सोळाव्या शतकात तो कॉन्स्टँटिनोपलच्या बागांतून व्हिएन्नात आणि तेथून पश्चिम युरोपात पसरला. त्याच्या फांद्यांच्या टोकांशी उन्हाळ्यातच पुढील वसंताच्या फुलकळ्या तयार होतात. पाने गळण्याच्या सुमारास या कळ्या सुप्तावस्थेत जातात, म्हणजे बाहेर ऊब असली तरी त्या उमलत नाहीत, आणि काही आठवड्यांची थंडी मिळाल्यावरच त्यांचे हे कुलूप हळूहळू सैल होते. युरोपीय हिवाळ्यात ताज्या सुगंधी फुलाला मोठी किंमत मिळत असल्यामुळे ते वेळेपूर्वी उघडण्याची धडपड एकोणिसाव्या शतकात जोरात सुरू झाली. पॅरिसजवळच्या व्हित्री येथील बागाईतदार मार्ली नावाचा जांभळा लायलॅक उष्ण आणि अंधाऱ्या घरांत फुलवीत, व त्या उष्णतेत जांभळे रंगद्रव्य तयारच न झाल्याने त्यांना पांढरीशुभ्र फुले मिळत. त्या काळच्या पॅरिसमध्ये हिवाळ्यात मिरवला जाणारा पांढरा लायलॅक अशा रीतीने बराचसा जांभळ्या झाडाचाच होता.

पुढील पाऊल विज्ञानाने उचलले. ‘जीन’ ही संज्ञा १९०९ मध्ये रूढ करणाऱ्या विल्हेल्म योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने त्याच्या काही वर्षे आधी असे दाखवले होते की, झुडपे बंद पेटीत ईथरच्या वाफेत साधारण दोन दिवस ठेवली तर त्यांच्या कळ्यांची सुप्तावस्था मोडते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसाला झोपवणारे द्रव्य झाडाला जागे करते ही गोष्ट त्या काळी अर्थातच चर्चेची ठरली, परंतु ईथर महाग आणि ज्वालाग्राही असल्याने दिव्यांच्या उजेडात काम करणाऱ्या बागाईतदाराला ते नेहमीच धोक्याचे होते. १९०९ मध्येच हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने अधिक सोपा मार्ग सुचवला. झुडपाचा शेंडा ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात नऊ ते बारा तास बुडवून ठेवला तरी तोच परिणाम मिळतो, आणि त्यासाठी हौद व बंब याखेरीज काही लागत नाही. आल्समेरने अखेरीस मुख्य भिस्त उष्णतेवरच ठेवली. हंगामाच्या आरंभी, म्हणजे कळ्यांना फारशी थंडी मिळालेली नसताना, हरितगृहाचे तापमान सुरुवातीच्या दिवसांत ३५ अंशांच्या आसपास चढवून मग टप्प्याटप्प्याने उतरवले जाते; वसंत जसजसा जवळ येतो तसतशी ही गरज कमी होत जाते आणि खर्चही उतरतो.

महाराष्ट्रातील फळबागाईतदाराला या कल्पनेचा गाभा परका वाटू नये. मोसंबी किंवा डाळिंबाचा बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देणे, प्रसंगी मुळ्या उघड्या करणे आणि आंबे, मृग वा हस्त यांपैकी बाजाराला सोयीचा बहार निवडणे, तसेच द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावणे, ही सगळी झाडाच्या घड्याळात हात घालण्याचीच कामे आहेत. फरक असा की, येथे बाग जागेवर राहते आणि तिच्याभोवतीची परिस्थिती बदलली जाते, तर आल्समेरमध्ये बागच उचलून दुसऱ्या परिस्थितीत नेली जाते.

हे उचलणे शक्य होते ते पीटमुळे. भुसभुशीत, तंतुमय मातीत लायलॅकची मुळे दूरवर न धावता बुंध्याभोवती दाट जाळे करतात, आणि त्यामुळे झुडूप मातीच्या हुंडीसह अखंड निघते. ज्या हिवाळ्यात फुले घ्यायची त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात झुडपाभोवती गोलाकार कुदळ मारून बाहेरची मुळे तोडली जातात. वाढ थबकते आणि झाड फुटव्यांऐवजी कळ्यांकडे वळते. शरद ऋतूपासून ही झुडपे तुकड्यातुकड्यांनी नावांवर चढवून काठावरच्या हरितगृहांत आणली जातात, एकमेकांना खेटून मांडली जातात व तीन-चार आठवड्यांत फुलवली जातात. फांद्या कापून झाल्यावर उरलेले खुरटे, उघडेबोडके झुडूप, कडक थंडीचा धोका टळल्यावर, पुन्हा नावेतून बेटावर जाऊन आपल्या जागी लागते. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडून नव्या फांद्यांपलीकडे काहीही अपेक्षित नसते. पुढचा हिवाळाही ते बेटावरच काढते आणि त्यानंतरच्या वर्षी त्याची पाळी पुन्हा येते. अशा रीतीने साधारणपणे निम्मी बाग कायम विश्रांतीत असते. जमीन आणि श्रम यांचा हा वरवर पाहता तोट्याचा वापर हाच या व्यवसायाचा खरा पाया म्हटला पाहिजे, कारण विश्रांतीचे हे वर्ष न चुकता दिल्यामुळेच एकेक झुडूप अनेक दशके उत्पन्न देत राहते.

वाणांची निवडही याच शिस्तीने ठरते. बागेत देखणा दिसणारा प्रत्येक लायलॅक उष्णता सोसत नाही. तुरा विरळ पडणे, रंग फिका होणे किंवा दांडा लुळा राहणे हे दोष हरितगृहातच उघड होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममध्ये तयार झालेला ‘मादाम फ्लोराँ स्टेपमान’ हा पांढरा वाण आणि बॉस्कोप या रोपवाटिकांच्या गावातून आलेला ‘ह्यूगो कोस्टर’ हा जांभळा वाण या कसोटीला उतरले आणि टिकले. हजारो झुडपे दरवर्षी जवळून न्याहाळली जात असल्याने आल्समेरच्या बागाईतदारांना आपोआप घडलेले फांदीतील बदलही हाती लागले. जांभळ्या पाकळीला पांढरी किनार असलेला ‘सेन्सेशन’ १९३८ मध्ये आणि फिकट पिवळा ‘प्रिमरोझ’ १९४९ मध्ये याच गावातून पुढे आले, व आज हे दोन्ही जगभरच्या उद्यानांत दिसतात. निवडलेला वाण साध्या लायलॅकच्या खुंटावर कलम करून वाढवला जातो, आणि खुंटाचे जमिनीतून येणारे फुटवे वेळीच काढले नाहीत तर ते कलमावर मात करतात.

कापल्यानंतरही या फुलाचे काष्ठमय असणे आड येतेच. जाड दांड्यातून पाणी चढण्याची गती कमी आणि पानांतून उडून जाणारे पाणी जास्त असल्याने, पाने काढली नाहीत तर तुरा भरल्या फुलदाणीत माना टाकतो. दांड्याचे टोक हातोडीने ठेचण्याचा घरोघरी दिला जाणारा सल्ला बहुधा उलटाच पडतो, कारण चेचलेल्या भागात जिवाणू वाढून पाण्याची वाट बंद होते. धारदार सुरीने तिरका, नवा छेद देणे अधिक हिताचे ठरते.

विक्रीच्या बाजूने आल्समेर हे नाव आता लायलॅकपेक्षा कितीतरी मोठे झाले आहे. बागाईतदारांनी व्यापाऱ्यांच्या मनमानीतून सुटण्यासाठी १९११ आणि १९१२ मध्ये स्थापन केलेल्या दोन सहकारी लिलाव संस्था १९६८ मध्ये एकत्र आल्या, १९७२ मध्ये त्यांची अवाढव्य नवी इमारत उभी राहिली, आणि घड्याळाचा काटा वरच्या भावाकडून खाली सरकत असताना जो पहिल्यांदा थांबवील त्याला माल, ही तेथील उतरत्या भावाची पद्धत जगाच्या फूलबाजाराचे प्रतीक बनली. या बाजाराला बारमाही, एकसारखा आणि विमानाने येऊ शकणारा माल लागतो. केनिया व इथिओपियातील गुलाब ही गरज सहज भागवतात. वर्षाआड फुलणारे, नावेतून फिरणारे आणि हिवाळ्यात इंधन खाणारे झुडूप तिच्यात नीट बसत नाही. परिणामी बागाईतदारांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे, लाटांनी बेटांचे काठ सतत झिजत आहेत आणि अनेक बेटे सुटी घालवायला येणाऱ्यांच्या ताब्यात गेली आहेत. गावातील ऐतिहासिक उद्यानात जुने वाण जतन केले जातात हे खरे, परंतु तेथे जतन होते ते झाड; कुदळ किती खोल मारावी, कोणते झुडूप यंदा न्यावे आणि कोणते आणखी एक वर्ष राहू द्यावे, हे ज्ञान अजूनही नावेवर काम करणाऱ्यांकडेच आहे. नव्याने कलम लावणाऱ्याला पहिली विक्रीयोग्य फांदी मिळेपर्यंत काही वर्षे थांबावे लागते, त्यामुळे आज बाजारात येणाऱ्या फांद्यांपैकी बऱ्याच आधीच्या पिढीने लावलेल्या झुडपांच्या आहेत.