माल सुटा विका, इशारा सुटू देऊ नका



फिनाईल, टॉयलेट क्लीनर, भांड्यांचं लिक्विड... कमी भांडवलाचा धंदा म्हणून तुमच्यापैकी बरेच जण यात उतरताय. माझंही दुकान याच मालावर उभं राहिलं. मोठा कॅन आणायचा आणि सुटा माल विकायचा. कस्टमर घरून बाटली आणायचे, मी भरून द्यायचो. बाटलीचा खर्च नाही, मार्जिनही बरं.

एक दिवस शेजारच्या काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "अरे, नातवाला वाटलं कोल्ड्रिंकच आहे. बाटली तोंडाजवळ नेलीच होती. वासानं थांबला म्हणून वाचलो."

काकू रागावल्या नाहीत. पण ती बाटली मीच भरून दिली होती.

खरं सांगू? कॅनवर सगळं छापलेलं होतं. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नका. मी माल ओतून दिला आणि इशारा कॅनवरच राहिला. ॲसिडचं क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हे काकूंना सांगणार कोण? मीच ना!

कायदाही हेच म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ बघा. उत्पादकाने दिलेला इशारा विक्रेत्याने पुढे पोचवला नाही आणि त्यामुळे कुणाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. ॲसिडच्या किरकोळ विक्रीबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच बजावलंय: रजिस्टर ठेवा, फोटो ओळखपत्र बघा, कशासाठी हवंय ते लिहून घ्या आणि १८ वर्षांखालच्याला देऊ नका.

मग मी काय बदललं?

१. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही भरून देत नाही. ओळखीचा असला तरी नाही.

२. बाटली दुकानातूनच देतो. तिच्यावर मालाचं नाव आणि कॅनवरचा इशारा मराठीत, मोठ्या अक्षरात असतो.

३. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पैसे घेण्याआधी तोंडी सांगतो. अर्धं मिनिट लागतं.

४. लहान मुलाच्या हाती असा माल देत नाही. "घरातल्या मोठ्यांना पाठव," म्हणतो.

नुकसान झालं का? झालं. बाटलीचे पैसे नकोत म्हणून काही कस्टमर समोरच्या दुकानात गेले. त्यातले काही परत आले, सगळे नाही. ते मी धंद्याचा खर्च म्हणून धरलंय, जसं भाडं आणि लाईट बिल धरतो.

म्हणून सांगतो, पहिला कॅन आणण्याआधीच तुमचा नियम ठरवा. संध्याकाळच्या गर्दीत ओळखीचा माणूस रिकामी बाटली पुढे करतो, तेव्हा "नाही" म्हणणं फार जड जातं. आधी ठरवलेलं असलं, तरच ते तोंडातून निघतं.